लहान विद्यापीठ निवडताना नावापलीकडे काय मोजायचं?

मार्च उजाडला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "ताई, दोन ठिकाणी पीएच.डी.ची ॲडमिशन मिळाली आहे. एक मोठं, नावाजलेलं. दुसरं लहान, आमच्याकडे कुणी नावही ऐकलेलं नाही. वेबसाइटवर मात्र 'डायव्हर्स' असं ठळक लिहिलंय आणि प्रोफेसर छान बोलले. काय करू?"

मी स्वतः या प्रश्नातून गेले आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि अमेरिकेतल्या दोन ऑफर हातात घेऊन महिनाभर घरात वाद घातला. बाबांचं म्हणणं साधं होतं: "एवढं लांब जायचं तर निदान लोकांना नाव तरी सांगता यावं." मी लहान विद्यापीठ निवडलं. आज पाचव्या वर्षाला आहे. निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, पण मी तो ज्या कारणांसाठी घेतला ती कारणं निम्मी चुकीची होती. त्यामुळे माझं एक वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

लहान म्हणजे नेमकं काय लहान?

पहिली गोष्ट, लहान म्हणजे हलक्या दर्जाचं हे समीकरण डोक्यातून काढून टाका. कॅलटेकमध्ये पदवी आणि पदव्युत्तर मिळून साधारण २४०० विद्यार्थी आहेत. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात याहून जास्त असतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात विभागच नाहीत, फक्त प्रयोगशाळा आहेत. जपानमधलं ओकिनावा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी घ्या. तिथे पीएच.डी.ची पहिली तुकडी २०१२ मध्ये सुरू झाली. तिथेही विभाग नाहीत, कामकाज इंग्रजीत चालतं, बहुसंख्य विद्यार्थी जपानबाहेरचे आहेत आणि पहिल्या वर्षी प्रत्येकाला तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काम करून पाहावं लागतं.

या झाल्या श्रीमंत लहान संस्था. तुमच्या हातातली ऑफर बहुधा दुसऱ्या प्रकारच्या लहान विद्यापीठाची असेल, म्हणजे तरुण किंवा वाढत असलेलं सरकारी विद्यापीठ. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा मर्सेड कॅम्पस हे याचं चांगलं उदाहरण. बर्कलीत ४५ हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत, मर्सेडमध्ये ९ हजारांच्या आसपास. तो कॅम्पस २००५ मध्ये उघडला आणि २०२५ मध्ये त्याला कार्नेगी वर्गीकरणात 'आर-वन' हा संशोधनाचा सगळ्यात वरचा गट मिळाला. या गटाचा सध्याचा निकष असा: वर्षाला किमान ५ कोटी डॉलर संशोधनावर खर्च आणि किमान ७० संशोधन डॉक्टरेट.

आता हा निकष नीट वाचा. तो अख्ख्या विद्यापीठाची बेरीज करतो. त्या ५ कोटींपैकी तुमच्या प्रयोगशाळेत किती येतात, हे त्यात कुठेच नाही. म्हणून विद्यापीठाच्या आकाराआधी तीन आकडे काढा: तुमच्या विभागात प्राध्यापक किती, तुमच्या विषयाच्या जवळपास काम करणारे किती आणि तुमच्या होणाऱ्या गाइडच्या हाताखाली विद्यार्थी किती. तुमची पाच-सहा वर्षं या तीन आकड्यांतच जाणार आहेत.

'डायव्हर्स' म्हणताना कुणाला मोजलंय?

हा भाग मला स्वतःला फार उशिरा कळला.

अमेरिकन विद्यापीठं विद्यार्थ्यांची जी अधिकृत आकडेवारी सरकारला देतात, त्यात वंश आणि वांशिक गटांचे रकाने असतात. पण बाहेरच्या देशातून व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळाच रकाना आहे, तिथे वंश बघितलाच जात नाही. म्हणजे वेबसाइटवरच्या गोल आलेखात 'एशियन' असा जो तुकडा दिसतो, त्यात तुम्ही नसता. तो अमेरिकेतच राहणाऱ्या आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचा असतो. तुम्ही, नायजेरियाची मुलगी आणि ब्राझीलचा मुलगा, तिघंही एकाच 'परदेशी' तुकड्यात.

तसंच 'हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन' हे बिरूद. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी किमान २५ टक्के हिस्पॅनिक असतील तर ते मिळू शकतं. मर्सेड अशा संस्थांमध्ये मोडतं. हे चांगलंच आहे, कारण अशा ठिकाणी घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं खूप असतात आणि शिकवताना तुम्हीही बरंच शिकता. पण हा आकडा पदवीच्या वर्गांचा आहे. तुमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलाभोवती कोण बसतं, हे त्यावरून समजत नाही.

मी परिसंस्थाशास्त्रातली, त्यामुळे मला हे आमच्या भाषेत जास्त सोपं वाटतं. विविधता मोजायला आम्ही सिम्पसनचा निर्देशांक वापरतो. प्रत्येक गटाचा एकूणातला वाटा घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा आणि ती १ मधून वजा करा. उत्तर म्हणजे सहज उचललेल्या दोन व्यक्ती वेगवेगळ्या गटांतल्या असण्याची शक्यता. चार गट, प्रत्येकी २५ टक्के असतील तर उत्तर ०.७५. एक गट ८० टक्के आणि बाकीचे दोन १०-१० टक्के असतील तर ०.३४.

आता एक विभाग डोळ्यांसमोर आणा. दोन प्रयोगशाळा, प्रत्येकीत १० विद्यार्थी. पहिलीत सगळे एका देशाचे, दुसरीत सगळे दुसऱ्या देशाचे. विभागाचा निर्देशांक निघतो ०.५, म्हणजे वाईट नाही. पण प्रत्येक प्रयोगशाळेचा शून्य! रोज दुपारी डबा खाताना तुमच्याभोवती एकच भाषा असते.

रॉबर्ट व्हिटेकर या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हाच फरक सांगण्यासाठी तीन शब्द दिले. एका ठिकाणची विविधता म्हणजे अल्फा, सगळ्या प्रदेशाची म्हणजे गॅमा आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना होणारा बदल म्हणजे बीटा. कासच्या पठारावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून आत किती जाती आहेत हे मोजलं की अल्फा. अख्ख्या पठाराची यादी केली की गॅमा. विद्यापीठाचं माहितीपत्रक तुम्हाला गॅमा सांगतं. तुम्ही राहणार असता चौकटीत.

मग चौकट कशी मोजायची? सोपं आहे. प्रयोगशाळेच्या पानावरचे आजी-माजी विद्यार्थी बघा. कुठून आले, किती वर्षं लागली, पुढे कुठे गेले. पाच नावं बघितली तरी अंदाज येतो.

अल्फा विविधतेने मला काय दिलं?

'वेगवेगळ्या संस्कृतींची ओळख' वगैरे माहितीपत्रकातली वाक्यं सोडून देऊ. संशोधनाला काय उपयोग झाला ते सांगते.

मी गवताळ कुरणांवर काम करते. मी आले ती एक ठाम समजूत घेऊन: आग म्हणजे वणवा आणि वणवा म्हणजे नुकसान. आपल्याकडे डोंगर पेटला की आपण हळहळतोच. इथे पहिल्याच हिवाळ्यानंतर आमचा सहकारी हातात मशाल घेऊन प्रेअरीचा तुकडा पेटवायला निघाला, तेव्हा मी चक्रावले. मध्य अमेरिकेतल्या उंच गवताच्या कुरणात अधूनमधून आग लागली नाही तर झुडपं आणि झाडं घुसतात आणि कुरण राहत नाही. हे पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं नव्हतं.

खरी चर्चा त्यानंतर झाली. आमच्या प्रयोगशाळेत घानाचा एक मुलगा आहे. तो म्हणाला, "आग चांगली की वाईट हा प्रश्नच अर्धा आहे. कधी लावली ते विचार." पश्चिम आफ्रिकेच्या सॅव्हानात कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, गवतात ओल असताना लावलेली आग सौम्य राहते. तीच ऋतूच्या शेवटी लागली तर सगळं भाजून काढते. त्या एका वाक्याने माझ्या प्रयोगाची मांडणी बदलली. मी 'जाळलेलं' आणि 'न जाळलेलं' अशी दोनच गटांची तुलना करणार होते, तिथे जाळण्याची वेळ हा तिसरा घटक आला. मग माझ्याकडूनही भर पडली. भारतात गवताळ माळरानं सरकारी नोंदींमध्ये अनेकदा 'पडीक जमीन' म्हणून येतात आणि मग तिथे झाडं लावायची टूम निघते, हे मी सांगितलं तेव्हा चकित व्हायची पाळी त्यांची होती.

आम्ही सगळे एकाच गावचे असतो तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. विविधतेचा संशोधनातला फायदा मला एवढाच दिसतो: जे तुम्हाला उघड सत्य वाटतं, त्यावर "का?" म्हणणारं माणूस खोलीत असतं. आणि लहान विभागात ते माणूस टाळता येत नाही, कारण बसायला खोली एकच असते.

लहानपणाची किंमत: माझं दुसरं वर्ष

आता दुसरी बाजू. मी एका प्राध्यापकांचं काम वाचून, त्यांच्याशी दोनदा बोलून हे विद्यापीठ निवडलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्यांनी मला बोलावून सांगितलं की ते दुसऱ्या विद्यापीठात चालले आहेत. त्यांच्या बाजूने त्यात गैर काही नव्हतं, माणसं नोकऱ्या बदलतात. पण माझ्या विभागात ११ प्राध्यापक होते आणि माझ्या विषयाच्या जवळपासचे त्यांच्याशिवाय फक्त एक.

अशा वेळी साधारण तीन रस्ते असतात. गाइडबरोबर जायचं, तिथेच गाइड बदलायचा किंवा मास्टर्स घेऊन बाहेर पडायचं. व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्यासाठी प्रत्येक रस्त्यावर कागदपत्रं आहेत. दुसरीकडे जायचं तर तिथली ॲडमिशन हवी, तुमची सेविसमधली नोंद तिकडे हलवावी लागते आणि नवीन आय-ट्वेंटी लागतो. कोर्स सोडला आणि पूर्णवेळ नोंदणी मोडली तर एफ-वन व्हिसावरचं राहणंच अडचणीत येतं. म्हणून असं काही घडलं तर पहिली पायरी लक्षात ठेवा: काहीही सोडण्याआधी, कुठलाही अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन बोला.

मला तारलं ते लहानपणानेच. दुसऱ्या दिवशी सकाळी विभागातल्या समन्वयक बाईंनी मला स्वतःहून थांबवून विचारलं, "झालं ते कळलं. आता काय ठरवलंयस?" मोठ्या विभागात त्यांना माझं नाव माहीत असतं का, कोण जाणे. माझ्या समितीतल्या मॅडमनी मला त्यांच्या प्रयोगशाळेत घेतलं आणि जुने गाइड सहमार्गदर्शक म्हणून राहिले. पण विषय वळवावा लागला, अर्धा डेटा बाजूला ठेवावा लागला आणि वर्ष गेलं ते गेलंच. त्या महिन्यांत घरी फोनवर मी "सगळं मस्त चाललंय" एवढंच सांगत होते. आईला आवाजावरून कळत होतं, ती विचारत नव्हती.

चूक माझी होती. मी विद्यापीठ निवडलं नव्हतं, एक माणूस निवडला होता. तेव्हापासून मी सगळ्यांना एक नियम सांगते: ज्यांच्याकडे तुम्ही आनंदाने पीएच.डी. कराल अशी किमान तीन माणसं त्या विभागात असली पाहिजेत. मोठ्या विद्यापीठात ही तीन माणसं आपोआप सापडतात. लहानात मोजून घ्यावी लागतात. दोनच सापडली तर जोखीम ओळखून जा, एकच असेल तर मी जाऊ नका म्हणेन.

गाइड टिकेल का, पैसे टिकतील का?

हे पूर्ण खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, पण अंदाज नक्की बांधता येतो.

अमेरिकेत असिस्टंट प्रोफेसरच्या टेन्युअरचा निर्णय साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास होतो. तो मिळाला नाही तर जावं लागतं. समजा तुमचे गाइड नोकरीच्या तिसऱ्या वर्षात आहेत. म्हणजे त्यांचा निर्णय तुमच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात, ऐन कामाच्या भरात येणार. तरुण गाइड घेऊ नका असं मी म्हणत नाही, ते वेळ जास्त देतात. फक्त हे वर्ष कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि दुसरं-तिसरं नाव तयार ठेवा.

पैशांचं म्हणाल तर नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानांची यादी सगळ्यांना खुली आहे. प्राध्यापकांचं नाव टाकलं की प्रकल्पाचं शीर्षक, रक्कम आणि संपण्याची अंदाजे तारीख दिसते. आरोग्याशी संबंधित विषय असेल तर एनआयएचचं 'रिपोर्टर' बघा. अनुदान तुमच्या पहिल्याच वर्षी संपत असेल तर पुढे काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

लहान विद्यापीठात संशोधनाचे पैसे कमी असतील तर तुमचा पगार बहुधा टीचिंग असिस्टंटशिपमधून येतो. सत्र चालू असताना एफ-वनवर कॅम्पसमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं आणि शिकवणं, वह्या तपासणं, प्रॅक्टिकल घेणं यांत ते तास भरतात. शिकवण्याचा अनुभव पुढे फार कामाला येतो, पण सलग पाच वर्षं तेच केलं तर थिसिस लांबतो. म्हणून 'फंडेड' या एका शब्दावर खूश होऊ नका. पैसे नऊ महिन्यांचे की बारा? उन्हाळ्यात काय? हमी किती वर्षांची? फी माफ म्हणजे फक्त ट्युशन माफ की बाकीचं विद्यापीठ शुल्कही? आरोग्य विम्याचे पैसे कोण भरणार? ही उत्तरं ईमेलमध्ये लेखी घ्या.

गावाचाही विचार करा

लहान विद्यापीठ बऱ्याचदा लहान गावात असतं. भाडं कमी, हवा चांगली, गर्दी नाही. पण बस तासाने एक, रविवारी बंद. भारतीय किराण्याचं दुकान माझ्या गावापासून कारने दीड तासावर आहे, त्यामुळे तूरडाळ आम्ही महिन्याची एकदम आणतो. महाराष्ट्र मंडळं मोठ्या शहरांत असतात, इथे गणपतीला मी, एक तेलुगू जोडपं आणि एक नेपाळी मुलगी एवढेच. कुणाला हे आवडतं, कुणाला खायला उठतं. स्वतःला खरं खरं विचारा: फेब्रुवारीतल्या बर्फात, संध्याकाळी पाचला अंधार पडल्यावर, मराठी बोलायला कुणी नसताना मी कशी राहीन? हा प्रश्न भावनिक वाटतो, पण पीएच.डी. सोडणाऱ्यांपैकी जे मला जवळून माहीत आहेत, त्यातले सगळेच काही विषय जमला नाही म्हणून गेले नाहीत.

हो म्हणण्याआधी करायच्या गोष्टी

१. विभागातली तीन नावं लिहून काढा आणि तिघांचा प्रत्येकी एक अलीकडचा पेपर वाचा.

२. त्या प्रयोगशाळेतल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला, शक्यतो एक परदेशी आणि एक सोडून गेलेला किंवा उत्तीर्ण झालेला. "गाइड चांगले आहेत का?" असं विचारू नका, उत्तर "हो"च येईल. "मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत येतो? गेल्या वेळी घरी कधी जाऊन आलात?" असं विचारा.

३. तिथून झालेले दोन थिसिस शोधा आणि आभाराचं पान वाचा. कुणी कुणाला मदत केली, उपकरणं कुठून मिळाली, गाइड मध्येच बदलले का, सगळं तिथे असतं.

४. तुम्हाला लागणारी मोठी उपकरणं तिथे आहेत की नमुने बाहेर पाठवावे लागतात, आणि पाठवायचे तर खर्च कुणाचा, ते विचारा.

५. घाई करू नका. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या ऑफरसाठी १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. कुणी "आठवड्यात सांगा" म्हणालं तर त्या विद्यापीठाची सही आहे का ते बघा आणि नम्रपणे मुदत मागा.

हे सगळं करूनही मोठं विद्यापीठ योग्य वाटलं तर बिनधास्त तिकडे जा. लहान निवडणं म्हणजे काही शौर्य नाही. तुमच्या विषयाला महागडी उपकरणं लागत असतील किंवा तुम्हाला नेमकं काय करायचं हे अजून ठरलेलं नसेल, तर जास्त प्रयोगशाळा असलेली जागाच बरी.

बाबांना मात्र अजूनही माझ्या विद्यापीठाचं नाव लोकांना समजावून सांगावं लागतं. मागच्या दिवाळीत फोनवर ऐकू आलं, ते शेजारच्या काकांना सांगत होते, "नाव नाही हो ऐकलेलं कुणी, पण तिथे सगळ्यांना हिचं नाव माहीत आहे." मी त्यांना कधी असं सांगितलं नव्हतं. त्यांनीच काढलेला निष्कर्ष आहे, आणि तुम्ही निर्णय घेताना तोही एक मुद्दा म्हणून यादीत लिहायला हरकत नाही.